टक्केवारी बाजूला ठेवा, आधी मुलांची पातळी बघा: जिल्हा परिषद शाळेसाठी वर्षभराचा कार्यक्रम

पेठ तालुक्यातल्या एका शाळेत तिसरीच्या मुलीला मी भिंतीवरचा पोषण आहाराचा फलक वाचायला सांगितला. तिनं बोट ठेवून ठसक्यात वाचलं, "आजचा आहार, मूगडाळ खिचडी." फलकावर लिहिलं होतं 'मसूर पुलाव'. आदल्या दिवशीचा फलक पुसायचा राहिला होता, शेजारच्या खोलीत मूगडाळ शिजत होती आणि मुलीनं नाकानं वाचलं होतं. त्याआधी पुस्तकातला धडा तिनं मला घडाघडा म्हणून दाखवला होता. प्रगतिपत्रकात भाषेला अ-२ श्रेणी होती.

मुलगी हुशार होती, यात शंकाच नाही. वाचता येत नसताना एवढं निभावून न्यायला डोकं लागतं. पण तिला अक्षरं येत नाहीत ही गोष्ट दोन वर्षं कोणत्याही कागदावर उमटली नव्हती. आणि कागदं काही कमी नव्हती. केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे आसपासच्या काही शाळांवर देखरेख करत, मी जेवढी वर्षं काढली, त्यात कागदं वाढतच गेली.

हा लेख मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि केंद्रप्रमुखांसाठी आहे. शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनीही वाचायला हरकत नाही, कारण यातलं बरंचसं काम कागद, पेन्सिल आणि थोडा धीर एवढ्यावर होतं. नाशिक जिल्ह्याचे पंधरा तालुके एकमेकांसारखे नाहीत. निफाडची शाळा वेगळी, सुरगाण्याची वेगळी, मालेगावची उर्दू माध्यमाची शाळा आणखी वेगळी. त्यामुळे इथलं सगळं जसंच्या तसं उचलू नका, आपल्या गावाला बेतून घ्या.

आधी हातात काय आहे ते ओळखा

आपल्याकडे मोजण्याची साधनं भरपूर आहेत. गोंधळ होतो तो एका साधनाचं काम दुसऱ्याकडून करून घेताना.

राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण १२ नोव्हेंबर २०२१ ला झालं, तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीसाठी. त्यानंतर ४ डिसेंबर २०२४ ला 'परख' सर्वेक्षण झालं, त्यात तिसरी, सहावी आणि नववी होती. दोन्ही नमुना सर्वेक्षणं आहेत. जिल्ह्यातल्या काही शाळा आणि त्या शाळांतली काही मुलं निवडली जातात. त्यातून जिल्ह्याचं चित्र कळतं, उदाहरणार्थ भूमितीपेक्षा अपूर्णांक कच्चे आहेत का. तुमच्या शाळेतल्या कुणाला काय येतं, हे त्यातून कधीच कळणार नाही. आणखी एक सांगतो. २०२१ ची तिसरी-पाचवी आणि २०२४ ची तिसरी-सहावी यांचे आकडे एकाखाली एक लिहून 'घसरलो' किंवा 'वाढलो' म्हणणं चुकीचं आहे. तिसरी सोडली तर इयत्ता वेगळ्या, आणि प्रश्नही वेगळे.

'प्रथम' संस्थेचा 'असर' अहवाल २००५ पासून निघतो. त्यात स्वयंसेवक शाळेत जात नाहीत, गावात घरोघरी जातात. तोही नमुनाच. पण त्याची वाचनाची शिडी, म्हणजे अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट, इतकी साधी आहे की ती आपण वर्गात वापरावी. पुढे तिच्याकडे येतोच.

आपल्या राज्याच्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्या, म्हणजे पायाभूत, संकलित एक आणि संकलित दोन, प्रत्येक मुलाच्या हातात पडतात. म्हणून त्या शाळेच्या कामाच्या. पण तो लेखी पेपर आहे. ज्याला वाचताच येत नाही त्याचा गणिताचा पेपरही कोराच येतो, आणि आपण लिहितो 'गणितात कच्चा'.

राहिलं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं ते आलं. पहिली-दुसरीला आकारिक (वर्षभर चालणारं मूल्यमापन) ७० आणि संकलित (सत्राअखेरची परीक्षा) ३०, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला निम्मं-निम्मं, सातवी-आठवीला ४० आणि ६०. म्हणजे दुसरीतले ८५ टक्के आणि सातवीतले ८५ टक्के हे एकाच मापाचे नाहीतच. आकारिकमध्ये प्रात्यक्षिक, उपक्रम, स्वाध्याय, तोंडी काम येतं. कल्पना चांगली होती, आजही आहे. पण वर्षाअखेरीस वर्णनात्मक नोंदी एकमेकांच्या वहीतून उतरवल्या जातात, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. तेव्हा मुलाला काय येतं हे शोधायला त्या नोंदी वापरू नका.

जूनमध्ये शाळा उघडल्यावरचे पहिले पंधरा दिवस: एकेका मुलाला समोर बसवा

हे या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं काम. नवीन पुस्तकं वाटून झाली की दुसरीपासून पुढच्या प्रत्येक मुलाला एकटं समोर बसवायचं आणि पाहायचं. एका मुलाला पाच ते सात मिनिटं पुरतात. चोवीस मुलांचा वर्ग असेल तर रोज चार-पाच मुलं घेतली तरी आठवड्यात काम उरकतं. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या पावसाच्या पट्ट्यात जुलै उजाडायची वाट बघू नका. भाताची आवणी (लावणी) सुरू झाली की मोठी मुलं शेतात आणि धाकटी भावंडांपाशी, हजेरी निम्म्यावर येते.

साधन स्वतः बनवा. कार्डशीटच्या चार पट्ट्या.

पहिल्या पट्टीवर दहा अक्षरं, पण बाराखडीच्या क्रमानं नाहीत. क, ख, ग लिहिलंत तर मूल गाणं म्हणेल. 'म, द, ळ, भ, स' अशी विस्कटून लिहा आणि घ-ध, भ-म, ब-व, प-ष यांतल्या एक-दोन जोड्या मुद्दाम टाका. दुसऱ्या पट्टीवर दहा शब्द: पाच काना-मात्रेचे साधे, पाच जोडाक्षरांचे. तिसऱ्यावर चार सोपी वाक्यं. चौथ्यावर आठ-दहा ओळींची छोटी गोष्ट, पाठ्यपुस्तकाबाहेरची. गोष्ट स्वतः रचा. बाजाराची, शेळीची, पावसात अडकलेल्या एसटीची, कसलीही. अट एकच, मुलानं ती आधी ऐकलेली नसावी.

सुरुवात मधून करा, वाक्यांपासून. वाचता आली तर वर गोष्टीकडे, अडलं तर खाली शब्दांकडे. अक्षरांपासून सुरुवात केली की वाचणारं मूल कंटाळतं आणि न वाचणारं पहिल्याच पायरीला घाबरतं. मुलगा जी पायरी सहज चढला ती त्याची पातळी. 'जवळजवळ आलं' असेल तर खालची पायरी लिहा. इथे उदारपणा दाखवला की नंतर त्या मुलाचंच नुकसान होतं.

गोष्ट वाचल्यावर दोन प्रश्न विचारा. एकाचं उत्तर गोष्टीत सरळ असावं, दुसऱ्याचं थोडं विचार करून यावं. उत्तर कोणत्या बोलीत येतं याला गुण नाहीत. बागलाण-मालेगावकडे 'आहे'च्या जागी 'शे' येईल, सुरगाण्यात कोकणा बोलीत येईल. समजलं की नाही, एवढंच पाहायचं. अहिराणीत बरोबर उत्तर देणाऱ्या पोराला 'भाषेत कच्चा' लिहिणारे गुरुजी मी पाहिले आहेत. स्वतः घरी ते अहिराणीच बोलत.

वेग मोजायचा का? निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं, त्यात दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीअखेर किमान ६० शब्द असं लक्ष्य आहे. मोजा, पण भान ठेवून. 'मी पण घरी' हे तीन शब्द आणि 'शेतातल्या विहिरीजवळच्या झाडाखालून' हेही तीनच शब्द. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात. त्यामुळे जूनला एक उतारा आणि ऑक्टोबरला दुसराच जड उतारा वापरलात, तर मूल पुढे जाऊनही आकडा मागे दिसेल. दोन्ही उतारे सारख्या वजनाचे ठेवा. आणि घड्याळ टेबलाखाली असू द्या. मुलानं पाहिलं की ते शर्यत लावतं आणि अर्थ बाजूला राहतो.

गणितात उत्तरापेक्षा चूक जपून ठेवा

गणिताची शिडीही तशीच: एक अंकी संख्या ओळखणं, दोन अंकी ओळखणं, हातच्याची बेरीज, उसने घेऊन वजाबाकी, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागाकार. पण इथं 'बरोबर' आणि 'चूक' एवढंच लिहून थांबू नका. मुलानं जे उत्तर लिहिलं ते जसंच्या तसं उतरवून घ्या. सगळी माहिती त्या चुकीत असते.

'पंचवीस लिही' म्हटल्यावर मूल ५२ लिहितं. त्याला स्थानिक किंमत कळत नाही असा शेरा मारायच्या आधी कान देऊन ऐका: 'पंच' आधी, 'वीस' नंतर. आपली मराठी एकक आधी बोलते आणि दशक नंतर. मूल जे ऐकलं तेच ऐकल्या क्रमानं लिहितंय. एकोणतीस, एकोणसत्तर, एकोणऐंशी तर त्याहून वाईट, तिथे नावात पुढचा दशक आणि लिहायचा मागचा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनपद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला. थट्टाच जास्त झाली. पण त्यामागचं दुखणं खरं होतं आणि वर्गात उभं राहणाऱ्याला ते ठाऊक होतं. म्हणून संख्या बोलून आणि लिहून अशी दोन्हीकडून तपासा. ५२ हे चिन्ह दाखवून त्याच्या किमतीएवढ्या काड्या मोजायला सांगा. काड्या बरोबर मोजल्या तर अडचण शब्दाची आहे, गणिताची नाही. उपाय वेगळा.

'पाचशे तीन' सांगितल्यावर ५००३ आलं, तर मात्र ती स्थानिक किमतीचीच गफलत.

५२ वजा ३७ चं उत्तर २५ आलं तर मुलानं दोन्ही स्थानांवर मोठ्यातून लहान वजा केलं आहे. त्याला वजाबाकी येते, उसनं घेणं येत नाही. पाढे घोटून काही होणार नाही, गठ्ठा सोडवून दहा सुट्या काड्या करणं हातानं करायला हवं. तेच उत्तर १४ आलं असतं तर ती साधी मोजण्यातली चूक, दुसरं उदाहरण देऊन बघा आणि पुढे जा.

आकडा खरा कसा राहील

२२ जून २०१५ च्या शासन निर्णयानं 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आलं आणि पायाभूत चाचण्या सुरू झाल्या. त्यातून काही शाळा खरोखर उभ्या राहिल्या. पण त्याच काळात एका शाळेच्या भिंतीवर '१०० टक्के प्रगत शाळा' असं रंगवलेलं मी पाहिलं आणि आत चौथीतल्या तिघांना वाक्य वाचता येत नव्हतं. शाळेचं नाव सांगत नाही. गुरुजी लबाड नव्हते. दर बैठकीला ज्यांचा आकडा कमी त्यांना उभं केलं जायचं, म्हणून आकडा वाढला. मुलं होती तिथेच राहिली.

ज्या आकड्यासाठी माणसाला उभं करून बोलणार, तो आकडा खोटा येणार. हा स्वभाव आहे, नियम काढून बदलत नाही. म्हणून मी केंद्रात तीन गोष्टी ठरवून घेतल्या होत्या. जूनच्या पातळीवरून कुणालाही एक शब्द बोलायचा नाही, ती मागून आलेली बाकी आहे. शाळांची क्रमवारी लावायची नाही. आणि जो शिक्षक जूनला सगळ्यात खालची पातळी प्रामाणिकपणे लिहील, त्याच्याकडे मदत पहिली जाईल. तिसरी गोष्ट पाळायला अवघड जाते, कारण मदत म्हणजे वेळ आणि तो नसतो. पण एकदा पाळली की पुढच्या वर्षी पत्रकं खरी यायला लागतात.

त्याशिवाय एक पडताळणी हवीच. ऑक्टोबरच्या फेरीला शेजारच्या दोन शाळांनी शिक्षक बदलावेत: तुझी मुलं मी तपासतो, माझी तू. सगळी नाही, चिठ्ठ्या टाकून पाच. पाचांपैकी चारांची पातळी जुळली तर पत्रक विश्वासाचं. दोनच जुळली तर भांडू नका, दोघांनी मिळून तीच मुलं पुन्हा ऐका. बहुतेक वेळा फरक लबाडीचा नसतो. एकानं अडखळत वाचणाऱ्याला 'वाक्य' दिलेलं असतं, दुसऱ्यानं 'शब्द'. दोघांचं माप एक व्हायला अर्धा तास पुरतो.

पत्रक एकाच पानाचं

डावीकडे मुलांची नावं. पुढे जून, ऑगस्ट, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च असे पाच रकाने, प्रत्येकात भाषेची आणि गणिताची पातळी. शेवटी दोन रकाने: त्या काळातली हजेरी, आणि शेरा. बस. श्रेणी नको, टक्के नको, रंगीत आलेख तर नकोच.

टक्के का नकोत? जिल्ह्यात कमी पटाच्या शाळा पुष्कळ. वर्गात बारा मुलं असतील तर एक मूल म्हणजे आठ टक्क्यांहून जास्त. चाचणीच्या दिवशी एकाला ताप आला की 'शाळेची गुणवत्ता आठ टक्क्यांनी घसरली'. सरळ लिहा: बारापैकी सात गोष्ट वाचतात, तीन वाक्यावर, दोन शब्दावर. आणि त्या दोघांची नावं.

पत्रक उभं वाचू नका, आडवं वाचा. म्हणजे वर्गाची सरासरी काढण्याऐवजी एकेका नावाच्या ओळीवरून बोट फिरवा. जूनला शब्द, ऑगस्टला शब्द, ऑक्टोबरला शब्द. हे मूल अडकलंय. मग त्याच ओळीत हजेरी बघा. हजेरी चांगली असून अडकलं असेल तर शिकवण्याची रीत बदला, डोळे तपासून घ्या, कान तपासून घ्या. फळ्यापासून लांब बसणारी आणि चष्मा न मिळालेली 'अप्रगत' मुलं माझ्या केंद्रात दरवर्षी एखाद-दुसरं तरी निघायचं. हजेरीच कमी असेल तर प्रश्न घरी आहे.

तुलना नेहमी त्याच मुलांची त्याच मुलांशी. यंदाची तिसरी आणि गेल्या वर्षीची तिसरी ही वेगळी मुलं आहेत. मध्येच आलेली आणि मध्येच गेलेली मुलं वेगळ्या यादीत ठेवा, नाहीतर स्थलांतराच्या काळात आकडे कुठल्या कुठे जातात.

रोजचा एक तास

मोजलं आणि कपाटात ठेवलं तर जून वाया गेला. परिपाठ झाल्याबरोबर रोज एक तास फक्त पातळीसाठी राखा. दुपारी नको, जेवणानंतर मुलं पेंगतात आणि गुरुजींना पोर्टलवर माहिती भरायची असते.

शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे प्राथमिकला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे आपल्या बहुतेक द्विशिक्षकी शाळांत बहुवर्ग अध्यापन अटळ आहे. त्याचा फायदा इथे घ्या. त्या एका तासात तिसरी, चौथी, पाचवी या भिंती पाडा आणि मुलांना पातळीप्रमाणे बसवा. अक्षर-शब्दाचा गट एका शिक्षकाकडे, वाक्य-गोष्टीचा दुसऱ्याकडे. पाचवीतला मुलगा तिसरीतल्यांबरोबर बसायला लाजतो. त्याला गटप्रमुख करा, पट्ट्या वाटायचं काम द्या, आठवड्यात लाज जाते. ज्येष्ठ, अनुभवी शिक्षक खालच्या गटाला द्या. आपल्याकडे उलटं होतं, हुशार गट अनुभवी माणसाकडे जातो, कारण शिष्यवृत्तीचा निकाल पेपरात येतो.

अक्षर-शब्द गटाला बाराखडी पाठ करून घेण्यात दिवस घालवू नका. मुलाचं स्वतःचं नाव, आईचं नाव, गावाचं नाव इथून सुरू करा. शब्द फोडा, अक्षरं बदलून नवे शब्द बनवा: काम, कान, पान, पाट. जमिनीवर मोठाली अक्षरं आखून त्यावर उड्या मारायला लावा. गुरुजींना ओशाळल्यासारखं होतं, मुलांना नाही. रोज थोडं लिहायलाही द्या, स्वतःच्या मनाचं. फळ्यावरून उतरवणं म्हणजे लेखन नव्हे. सुंदर अक्षरात उतरवणारी, पण उतरवलेलं वाचू न शकणारी मुलं प्रत्येक शाळेत सापडतील.

जोडाक्षरांत 'र' सगळ्यात त्रास देतो. सूर्य, प्रकाश, ट्रक, सुऱ्या: एकच 'र' आणि चार रूपं. ही चार घरं फळ्यावर आखून मुलांनाच शब्द गोळा करायला सांगा. ट्रॅक्टर, ट्रॉली, द्राक्ष, कॅरेट, कात्री असे शब्द येतील. मग कॅरेटमधला 'र' यातल्या कोणत्याच घरात बसत नाही, हे त्यांचं त्यांनाच कळेल.

गणिताला काड्यांचे गठ्ठे आणि बाजार. लासलगावला कांद्याचा लिलाव क्विंटलवर होतो, हे पाचवीच्या पोराला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. 'क्विंटलला १,८५० रुपये भाव फुटला, तर किलोला किती पडले?' असं विचारा. शंभरानं भागणं, दशांश, सगळं एका उदाहरणात येतं. शिवाय मूल उत्तर तपासून बघतं, कारण अठराशे पन्नास रुपये किलो कांदा त्याला हास्यास्पद वाटतो. पुस्तकातल्या उदाहरणात काहीही उत्तर आलं तरी त्याला काही वाटत नाही.

हा तास किती दिवस? सहा आठवडे. मग पुन्हा तीच शिडी, नवीन पट्ट्या, आणि गट नव्याने. चढलेलं मूल पुढच्या गटात त्याच दिवशी गेलं पाहिजे. गट कायमचे झाले की 'ढ गट' आणि 'हुशार गट' तयार होतात आणि मग हा सगळा खटाटोप उलट उपद्रव करतो.

दिवाळीनंतर जाणारी मुलं

हे फक्त आपल्याच जिल्ह्याचं नाही, पण आपल्याकडे याचा आकार वेगळा आहे. पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून काढणी संपेपर्यंत काम चालतं. काही होळीला गावी येतात, काही एप्रिलची खरड छाटणी करूनच. म्हणजे एकाच जिल्हा परिषदेच्या एका शाळेतली मुलं दुसऱ्या शाळेच्या शिवारात असतात आणि दोन्ही पत्रकांतून गळतात.

जाणारी शाळा काय करू शकते? दिवाळीच्या सुट्टीआधी यादी करा: कोण जाणार, कुठल्या गावी, किती दिवस. आजी-आजोबांकडे राहू शकणाऱ्यांसाठी पालकांशी बोला. जाणाऱ्यांना शिक्षण हमी कार्ड द्या आणि त्यावर पातळी स्पष्ट लिहा, 'भाषा: वाक्य, गणित: हातच्याची बेरीज'. 'इयत्ता चौथी' एवढ्यावरून समोरच्या शिक्षकाला काहीही कळत नाही.

येणाऱ्या शाळेनं पहिल्या दिवशी शिडी लावून घ्यावी आणि मूळ शाळेच्या शिक्षकाला एक फोन करावा. हा फोन कुठल्या परिपत्रकात नाही, पण त्यानं जेवढं काम झालेलं मी पाहिलं तेवढं पत्रव्यवहारानं नाही. मळ्यातल्या मुलाला आपल्या पटावर धरलं तर आपली 'गुणवत्ता' खाली येईल, अशी भीती येणाऱ्या शाळेला असते. म्हणूनच वर वेगळी यादी सांगितली.

सहावी ते आठवी: पेपर उलटा वाचा

इथे तोंडी शिडी पुरत नाही. संकलित चाचणीचे तपासलेले पेपर घ्या आणि गुणांची बेरीज विसरून प्रश्नावार बघा. प्रत्येक प्रश्नासमोर किती मुलांचा बरोबर, आणि चुकलेल्यांची उत्तरं काय. तीसपैकी पंचवीस जणांचा एक प्रश्न चुकला असेल तर मुलं कच्ची नाहीत. तो घटक शिकवायचा राहिलाय, किंवा प्रश्नच धड मांडलेला नाही. दोन्ही शक्यता धरा. आणि हुशार मुलांचा चुकलाय, इतरांचा बरोबर आलाय, असा प्रश्न दिसला तर तो प्रश्नच संशयास्पद. त्यावरून निष्कर्ष काढू नका.

१/२ अधिक १/३ बरोबर २/५, हे उत्तर पंधरा जणांच्या पेपरात आलं तर ती पंधरा चुका नाहीत, एक समजूत आहे: वरचे वरच्यात, खालचे खालच्यात. ०.२५ हे ०.७ पेक्षा मोठं, कारण पंचवीस साताहून मोठे, हीही तशीच. समजूत एक असेल तर एका तासात एकत्र मोडता येते, भाकरीचे तुकडे करून.

शाळेचा स्वतःचा पेपर काढताना संविधान तक्ता, म्हणजे प्रश्नपत्रिकेचा आराखडा, खरोखर करा. डी.एड.ला आपण सगळ्यांनी केलाय, नंतर कुणी केला नाही. कोणत्या अध्ययन निष्पत्तीवर (मुलाला काय यायला हवं त्यावर) किती प्रश्न, त्यातले आठवणीचे किती आणि वापराचे किती. चाळीस मिनिटांचं काम आहे.

केंद्र आणि तालुक्याच्या पातळीवर

गटशिक्षणाधिकारी आणि केंद्रप्रमुखांना शाळांची क्रमवारी लावायचा मोह होतोच. मला एक गंमत दाखवायची आहे. तालुक्यातल्या सगळ्या शाळा टक्केवारीनं उतरत्या क्रमानं लावा आणि शेजारी पटसंख्या लिहा. पहिल्या काही शाळा छोट्या निघतील, आणि शेवटच्या काहीही छोट्याच. मोठ्या पटाच्या शाळा मध्ये गोळा झालेल्या. यात जादू नाही. आठ मुलांच्या वर्गात दोन हुशार मुलं आली की आकडा आकाशाला, दोन गेली की जमिनीला. पुढच्या वर्षी वरची खाली येते आणि खालची वर. मग वरच्या शाळेला 'आळस आला' म्हणायचं आणि खालच्या शाळेला दिलेल्या बोलण्याचा 'परिणाम झाला' म्हणायचं. दोन्ही खोटं.

तुलना करायचीच तर सारख्या पटाच्या, सारख्या वस्तीच्या शाळांची करा, आणि तीही केंद्रातल्या शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत कुणाकडून काय शिकता येईल यासाठी. आढाव्यात विचारायचा प्रश्न एकच: जूनपासून किती मुलं एक पायरी तरी वर गेली, आणि न गेलेल्यांची नावं काय? नावं सांगता आली नाहीत तर पत्रक कार्यालयात बसून भरलंय.

केंद्रप्रमुखानं भेटीत शाळेचं दप्तर (नोंदवह्या) तपासण्याआधी तीन मुलांना वाचायला लावावं. दप्तर नंतर. वेळ उरला नाही तर दप्तर राहू द्या. महिन्याच्या शिक्षण परिषदेत अर्धा वेळ सूचनांत जातो, त्या आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर टाका आणि परिषदेत एका शिक्षकानं एका अडकलेल्या मुलाची गोष्ट मांडावी: काय केलं, काय जमलं नाही. आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या, त्या आपल्या आढाव्यात येत नाहीत. पण आपली चौथी-पाचवीची मुलं तिथे जातात, म्हणून शेजारच्या आश्रमशाळेतल्या शिक्षकांना परिषदेला बोलवायला कुणी अडवत नाही.

पालकांना काय सांगायचं

श्रेणी सांगू नका, ऐकवा. पालकसभेत मुलाच्या हातात पट्टी द्या आणि आईसमोर वाचू द्या. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असायला हवेत असं कायदाच सांगतो. त्यातल्या दोघांना शिडी कशी लावायची ते शिकवा, ते गावात वाचून घेतील. चावडी वाचन करताना मात्र जपा. अख्ख्या गावासमोर अडखळलेलं पोर दुसऱ्या दिवशी शाळेला येत नाही. ज्याची जी पायरी, तिथलंच त्याला वाचायला द्या आणि आदल्या दिवशी सराव करून घ्या. ही परीक्षा नाही, समारंभ आहे.

एप्रिल

शेवटची फेरी मार्चमध्ये घ्या, एप्रिलच्या उन्हात आणि लग्नसराईत पट पुरा होत नाही. मग पत्रकाच्या दोन प्रती काढा. बदल्यांचा आदेश येतो तेव्हा शिक्षक जातो आणि मुलांबद्दल त्याला जे जे माहीत होतं तेही त्याच्याबरोबर जातं, म्हणून एक प्रत मुख्याध्यापकांच्या कपाटात. दुसरी पुढच्या वर्गशिक्षकाच्या हातात, तोंडी दोन शब्द सांगून. पाचवीनंतर किंवा सातवीनंतर दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या मुलाची ओळ वेगळ्या कागदावर उतरवा आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याला जोडा. टाचणी लावू नका, वाटेत निघते. स्टेपलर वापरा.